लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया : दहा वर्षांनंतरचा हिशेब

लठ्ठपणा हा केवळ शरीराच्या ठेवणीचा किंवा खाण्यापिण्याच्या हौसेचा प्रश्न नसून तो दीर्घकाळ चालणारा विकार आहे, ही गोष्ट वैद्यकशास्त्राने आता मान्य केली आहे. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, गुडघेदुखी, झोपेत श्वास अडणे, यकृतात चरबी साठणे अशा अनेक व्याधींचे मूळ त्यात असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा २४ आणि पुरुषांपैकी सुमारे शेकडा २३ जणांचे वजन प्रमाणापेक्षा अधिक आढळून आले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष पाहता देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींवर गेली आहे.

आहार, व्यायाम आणि औषधे यांनी ज्यांचे वजन आटोक्यात येत नाही, अशा रुग्णांसाठी जठर व आतड्यांवरील शस्त्रक्रियेचा मार्ग उपलब्ध आहे. या शस्त्रक्रियेस ‘बॅरिएट्रिक शस्त्रक्रिया’ असे म्हणतात. पुणे शहरात ती गेल्या दोन दशकांपासून केली जात आहे. शस्त्रक्रियेस दोन-तीन तास पुरतात आणि रुग्ण काही दिवसांत घरी जातो. वर्षभरात वजन झपाट्याने उतरते, जुने कपडे सैल होतात, मधुमेहाच्या गोळ्याही बंद होतात. वृत्तपत्रांतून आणि जाहिरातींतून जनतेपुढे येते ते हे पहिल्या वर्षाचे चित्र. परंतु शस्त्रक्रियेचा खरा हिशेब पहिल्या वर्षी नव्हे, तर पाच, दहा आणि पंधरा वर्षांनी मांडावा लागतो. त्या हिशेबात जमेची बाजू मोठी आहे. पण खर्चाची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही.

पुण्यातील संशोधनाने दिलेली दृष्टी

भारतीयांचा लठ्ठपणा पाश्चात्त्यांच्या लठ्ठपणापेक्षा वेगळा कसा, हे जगाला समजावून सांगण्यात पुण्याच्या संशोधकांचा वाटा मोठा आहे. येथील के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांतील माता व बालकांचा अभ्यास सुरू केला. या गावांत जन्मलेली बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा वजनाने बरीच कमी होती. त्यांचे स्नायू व पोटातील अवयव लहान होते. परंतु त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसण्यात कृश आणि चरबीच्या प्रमाणात स्थूल अशी ही ठेवण जन्मापासूनच असते, हा त्या अभ्यासाचा महत्त्वाचा निष्कर्ष होय.

पुढे २००४ साली डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. दोघांचाही शरीरभार निर्देशांक, म्हणजे बीएमआय, २२.३ इतकाच होता. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी शेकडा ९.१, तर याज्ञिक यांच्या शरीरात शेकडा २१.२ निघाली. वजनाचा काटा सारखा असूनही आतली परिस्थिती किती निराळी असते, याचा हा बोलका पुरावा आहे. याच कारणाने भारतीयांसाठी लठ्ठपणाच्या मर्यादा खाली आणण्यात आल्या. पाश्चात्त्य देशांत ३० बीएमआयपासून लठ्ठपणा मानतात. २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी ठरविलेल्या मापानुसार येथे तो २५ पासून मानला जातो. पुरुषांच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरांपेक्षा व स्त्रियांचा ८० सेंटिमीटरांपेक्षा अधिक असणे हीही धोक्याची खूण होय.

बीएमआय काढण्याची रीत सोपी आहे. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन ६४ किलो असेल तर निर्देशांक २५ येतो आणि ९६ किलो असेल तर ३७.५ येतो.

शस्त्रक्रियेचे स्वरूप

जठर लहान करून खाण्याचे प्रमाण घटवावे, या कल्पनेपासून या शस्त्रक्रियांचा आरंभ झाला असे सर्वसाधारणपणे समजले जाते. इतिहास मात्र थोडा वेगळा आहे. १९५० व १९६० च्या दशकांत लहान आतड्याचा मोठा भाग वगळून अन्न थेट पुढे नेण्याची पद्धत प्रथम वापरात आली. तिने वजन उतरले. परंतु यकृत निकामी होणे, मूत्रखडे, तीव्र कुपोषण असे परिणाम काही वर्षांनी दिसू लागले आणि ती पद्धत सोडून द्यावी लागली. शस्त्रक्रियेचे यश तात्काळ मोजू नये, हा धडा वैद्यकशास्त्राला तेथेच मिळाला. १९६६ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातील डॉ. एडवर्ड मेसन यांनी जठराचा लहान कप्पा करून तो आतड्यास जोडण्याची पद्धत सुरू केली. आजची ‘गॅस्ट्रिक बायपास’ शस्त्रक्रिया तिच्यातूनच विकसित झाली.

आज मुख्यतः दोन पद्धती प्रचारात आहेत. ‘स्लीव्ह’ पद्धतीत जठराचा सुमारे तीन चतुर्थांशाहून अधिक भाग कापून काढतात आणि उरलेले जठर सदऱ्याच्या बाहीसारखे अरुंद होते. ‘बायपास’ पद्धतीत अवघ्या ३० मिलिलिटरांच्या आसपास मावेल एवढा जठराचा कप्पा करून तो लहान आतड्याच्या पुढील भागास जोडतात. त्यामुळे जठराचा उरलेला भाग आणि आतड्याचा आरंभीचा भाग अन्नाच्या वाटेतून वगळला जातो. दोन्ही शस्त्रक्रिया आता बहुधा दुर्बिणीच्या साहाय्याने होतात.

त्यांचा परिणाम केवळ पोट लहान झाल्याने होत नाही. भूक चेतविणारे ‘घ्रेलिन’ हे संप्रेरक मुख्यतः जठरात तयार होते. स्लीव्हनंतर त्याचे प्रमाण घटते. अन्न आतड्याच्या पुढील भागात लवकर पोहोचल्याने ‘जीएलपी-१’ सारखी संप्रेरके अधिक प्रमाणात स्रवतात, पोट भरल्याची जाणीव लवकर होते आणि इन्सुलिनचे कार्य सुधारते. कित्येक रुग्णांची रक्तशर्करा वजन उतरण्यापूर्वीच खाली येते, ती यामुळेच.

दीर्घकालीन अभ्यास काय सांगतात ?

या बाबतीतील सर्वांत मोलाचा पुरावा स्वीडनमधून मिळाला आहे. तेथे १९८७ साली सुरू झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया केलेले २,०१० रुग्ण आणि नेहमीचे उपचार घेणारे २,०३७ रुग्ण यांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करण्यात आला. शस्त्रक्रिया झालेल्यांचे वजन दोन वर्षांत सरासरी शेकडा २३ ने घटले. त्यानंतर ते काहीसे वाढले आणि दहा वर्षांनी मूळ वजनापेक्षा सुमारे शेकडा १७ ने कमी या पातळीवर स्थिरावले. वीस वर्षांनंतरही घट शेकडा १८ च्या आसपास टिकून होती. दुसऱ्या गटाचे वजन मात्र या संपूर्ण काळात जवळजवळ जैसे थे राहिले. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, उतरलेल्या वजनापैकी काही भाग परत येणे हा अपवाद नसून नियम आहे. दोन, तरीही उरलेला लाभ दीर्घकाळ टिकतो.

मधुमेहाच्या बाबतीत चित्र अधिक विचार करावयास लावणारे आहे. याच अभ्यासात शस्त्रक्रियेपूर्वी मधुमेह असलेल्यांपैकी शेकडा ७२ रुग्णांचा मधुमेह दोन वर्षांनी आटोक्यात येऊन औषधांची गरज उरली नव्हती. पंधरा वर्षांनी हेच प्रमाण शेकडा ३० वर आले. याचा अर्थ निम्म्याहून अधिक जणांचा मधुमेह परतला. मात्र डोळे, मूत्रपिंड व नसा यांवरील मधुमेहाचे दुष्परिणाम शस्त्रक्रिया न झालेल्यांच्या तुलनेत सुमारे निम्म्याने कमी आढळले. मधुमेह परतला तरी मधली वर्षे शरीराच्या जमेस राहतात, असाच याचा अर्थ होतो. ज्यांचा मधुमेह अल्पकाळाचा होता, त्यांना लाभ अधिक झाला. अनेक वर्षे इन्सुलिन घेणाऱ्यांना तो कमी झाला.

आयुर्मानाचा हिशेब २०२० साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्या गटाचे आयुर्मान नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटापेक्षा सुमारे तीन वर्षांनी अधिक आढळले. तथापि सर्वसाधारण जनतेच्या तुलनेत ते साडेपाच वर्षांनी कमीच होते. शस्त्रक्रियेने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. स्वीडनमधील बहुसंख्य रुग्णांवर झालेली शस्त्रक्रिया जठरास पट्टी घालून ते आवळण्याच्या प्रकारची होती आणि ती पद्धत आता मागे पडली आहे, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे.

आजच्या पद्धतींबद्दल फिनलंडमध्ये २४० रुग्णांवर झालेला अभ्यास उपयुक्त आहे. त्याचे दहा वर्षांचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. जादा वजनापैकी स्लीव्हने शेकडा ४३.५ आणि बायपासने शेकडा ५०.७ वजन दहा वर्षांनी कमी राहिलेले दिसले. जठरातील आम्ल वर येऊन अन्ननलिकेस दाह होण्याचे प्रमाण मात्र स्लीव्ह झालेल्यांत शेकडा ३१, तर बायपास झालेल्यांत शेकडा ७ होते. स्लीव्ह ही तुलनेने सोपी शस्त्रक्रिया म्हणून भारतात अधिक प्रमाणात केली जाते. ज्यांना मुळातच छातीत जळजळण्याचा त्रास आहे, त्यांनी ही गोष्ट डॉक्टरांशी आधी बोलून घ्यावी.

पुण्यातही या विषयावर संशोधन झाले आहे. कमी बीएमआय असलेल्या भारतीय मधुमेहींवर बायपासचा काय परिणाम होतो, याचा अभ्यास डॉ. शशांक शहा, डॉ. जयश्री तोडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील डॉ. डेव्हिड कमिंग्ज यांच्यासह केला व तो २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यातील १५ रुग्णांचा बीएमआय २२ ते ३५ होता. तीन महिन्यांत सर्वांची मधुमेहाची औषधे बंद झाली. हा निष्कर्ष उत्साहवर्धक होता. परंतु रुग्णसंख्या अल्प आणि पाठपुरावा नऊ महिन्यांचा होता. स्वीडनमधील पंधरा वर्षांचा अनुभव शेजारी ठेवूनच तो वाचला पाहिजे.

जीवनसत्त्वांची उणीव : पुण्यास लागू पडणारा इशारा

शस्त्रक्रियेनंतर आहार घटतो आणि अन्नातील काही घटकांचे शोषणही कमी होते. लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्व ड, फॉलिक आम्ल आणि जीवनसत्त्व ब-१२ यांची उणीव निर्माण होऊ शकते. यांपैकी ब-१२ चा प्रश्न आपल्याकडे विशेष गंभीर आहे. डॉ. याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ग्रामीण भाग, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग यांतील ४४१ निरोगी पुरुषांची तपासणी करून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत शेकडा ६७ जणांत ब-१२ चे प्रमाण कमी आढळले. शहरी मध्यमवर्गात तर हा आकडा शेकडा ८१ होता. शाकाहार हे त्याचे एक प्रमुख कारण होते.

ब-१२ अन्नातून सुटे होण्यास जठरातील आम्ल लागते आणि त्याच्या शोषणास जठरातच तयार होणारे एक प्रथिन लागते. जठर कापले किंवा वगळले की दोन्हींत घट होते. यकृतातील साठा काही काळ पुरतो, म्हणून उणिवेची लक्षणे लगेच दिसत नाहीत. हातापायांस मुंग्या येणे, तोल जाणे, विस्मरण, थकवा ही लक्षणे कित्येकदा दोन-तीन वर्षांनी, रुग्ण स्वतःस पूर्ण बरा समजत असताना सुरू होतात. ज्याचा साठा मुळातच रिता आहे, त्याच्यावर ही वेळ आणखी लवकर येते. तेव्हा शस्त्रक्रियेपूर्वी ब-१२ तपासून उणीव भरून काढणे आणि पुढे आयुष्यभर गोळी वा इंजेक्शन घेणे अत्यावश्यक होय. रजोनिवृत्तीपूर्वीच्या स्त्रियांनी लोहाकडेही तितकेच लक्ष द्यावे. लोहाची व कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घेऊ नये. कॅल्शियममुळे लोहाचे शोषण अडते.

आहारात प्रथिनांस अग्रक्रम हवा. दिवसाकाठी किमान ६० ग्रॅम प्रथिने घ्यावीत, असा सर्वसाधारण दंडक आहे. लहान झालेल्या पोटात एवढी प्रथिने मावण्यासाठी ताटात आधी डाळ, मूग-मटकीची उसळ, पनीर, दही, अंडी किंवा मासे आणि मग पोळी-भात असा क्रम ठेवावा लागतो. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी व बटाटा यांवर भागविणे अशा रुग्णांस हितावह नाही, कारण साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतातच. चहा, सरबत, मिठाई, फरसाण असे मऊ किंवा पातळ पदार्थ लहान जठरातूनही सहज पुढे सरकतात. परतणाऱ्या वजनाची वाट बहुधा तीच असते. बायपास झालेल्यांना अधिक गोड खाल्ल्यावर घाम, धडधड, चक्कर व जुलाब असाही त्रास होतो.

स्थानिक डॉक्टरांनी ओळखावयाच्या धोक्याच्या खुणा

शस्त्रक्रिया शहरात होते. पण पुढील आयुष्य रुग्ण आपल्या गावी काढतो. अडचणीच्या वेळी तो प्रथम जातो तो गावच्या डॉक्टरांकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राकडे. तेथे पुढील चार गोष्टी ठाऊक असल्या तर जीव वाचू शकतो.

पहिली गोष्ट उलट्यांची. शस्त्रक्रियेनंतर सतत उलट्या होत असतील तर ब-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, काही आठवड्यांतच संपते. डोळ्यांची हालचाल बिघडणे, चालताना तोल जाणे, गोंधळल्यासारखे बोलणे ही त्याची लक्षणे होत. अशा रुग्णास थायमिन न देता केवळ ग्लुकोजचे सलाईन लावल्यास मेंदूस कायमची इजा होण्याचा संभव असतो. म्हणून थायमिन आधी आणि ग्लुकोज मागाहून, हा नियम पाळावा.

दुसरी गोष्ट पोटदुखीची. बायपासनंतर काही वर्षांनीही आतडे आतल्या फटीत अडकू शकते. अचानक उद्भवणारी, कळा येणारी पोटदुखी पित्ताची वा अपचनाची समजून थांबू नये. रुग्णास तात्काळ मोठ्या रुग्णालयात पाठवावे. वजन झपाट्याने उतरल्याने पित्ताशयात खडे होण्याचे प्रमाणही वाढते.

तिसरी गोष्ट वेदनाशामक गोळ्यांची. सांधेदुखीसाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्यांनी बायपासच्या जोडावर व्रण होतो. तंबाखूचे सेवनही तितकेच घातक आहे. आवश्यकता भासल्यास पॅरासिटॅमॉल द्यावे.

चौथी गोष्ट मनाची. अमेरिकेतील यूटा राज्यात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांचे एकूण मृत्यूंचे प्रमाण शेकडा ४० ने कमी आढळले; परंतु अपघात व आत्महत्या यांसारख्या कारणांनी होणारे मृत्यू शेकडा ५८ ने अधिक होते. बायपासनंतर मद्य वेगाने चढते व त्याचे व्यसन जडण्याचा धोका वाढतो. उदासीनता वा व्यसनाकडे कल दिसल्यास कुटुंबीयांनी त्याकडे काणाडोळा करू नये.

यांशिवाय स्त्रियांनी शस्त्रक्रियेनंतर किमान १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी. वजन उतरल्यावर पाळी नियमित होऊन गर्भ राहण्याची शक्यता वाढते, याची कल्पना त्यांना आधीच दिली पाहिजे.

शस्त्रक्रिया कोणासाठी ? खर्चाचा प्रश्न

भारतीय तज्ज्ञांच्या २००९ च्या मतानुसार बीएमआय ३७.५ च्या वर असल्यास, किंवा ३२.५ च्या वर असून मधुमेहासारखी व्याधी जडली असल्यास, शस्त्रक्रियेचा विचार करावा. २०२२ साली आंतरराष्ट्रीय संघटनांनी आशियाई लोकांसाठी ही मर्यादा आणखी खाली, २७.५ वर आणली. आरोग्य विम्याचे नियम मात्र याहून कडक आहेत. विमा नियामक प्राधिकरणाच्या प्रमाणित अटींनुसार अशा शस्त्रक्रियेचा खर्च मिळण्यासाठी रुग्ण १८ वर्षांवरील असावा लागतो. त्याचा बीएमआय ४० किंवा अधिक असावा, अथवा ३५ किंवा अधिक असून गंभीर सहव्याधी असावी लागते. १६० सेंटिमीटर उंचीच्या मधुमेही व्यक्तीस वैद्यकीय निकषाने ८४ किलो वजनास शस्त्रक्रिया सुचविता येते. विम्याचा लाभ मात्र ९० किलोच्या आत मिळत नाही. या दोन रेषांमधील रुग्णास सारा खर्च स्वतःच सोसावा लागतो. त्यात आयुष्यभराच्या गोळ्या, इंजेक्शने आणि रक्ततपासण्या यांचा खर्च मिळवला, तर साधारण उत्पन्नाच्या कुटुंबाने हा निर्णय घाईने घेऊ नये हे उघड आहे. पुढील दहा वर्षांचा खर्च पेलता येईल किंवा नाही, हा प्रश्न शस्त्रक्रियेच्या शुल्काइतकाच महत्त्वाचा आहे.

वजन उतरविणारी नवी इंजेक्शनेही आता उपलब्ध झाली आहेत. त्यांपैकी टिर्झेपटाइड २०२५ साली भारतात आले. त्यांचा परिणाम चांगला आहे; तथापि औषध बंद केल्यावर वजन पुष्कळ अंशी परत येते. दीर्घ मुदतीच्या देखरेखीतून सुटका तेथेही नाही.

सर्वांची जबाबदारी

शस्त्रक्रियेनंतर पहिल्या वर्षी पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या व बाराव्या महिन्यात आणि त्यानंतर दरवर्षी तपासणी व्हावी, असा संकेत आहे. प्रत्यक्षात पहिली एक-दोन वर्षे सरली की रुग्ण येईनासे होतात, हा जगभरचा अनुभव आहे. प्रवास, रोजगार बुडणे आणि ‘आता मी बरा आहे’ ही भावना ही त्याची कारणे. नेमक्या याच काळात वजन परतू लागते आणि जीवनसत्त्वांचे साठे संपू लागतात.

ही दरी गावपातळीवर भरून काढता येण्याजोगी आहे. शस्त्रक्रियेचा प्रकार, तारीख आणि घ्यावयाच्या गोळ्या लिहिलेले कार्ड रुग्णाने सदैव जवळ बाळगावे व त्याची प्रत आरोग्य केंद्रात ठेवावी. वार्षिक तपासणीतील हिमोग्लोबिन, रक्तशर्करा व रक्तदाब जवळच्या केंद्रात पाहता येतात. ब-१२ चे इंजेक्शनही तेथे टोचून घेता येते. ग्रामपंचायतीच्या आरोग्य समितीने आशा कार्यकर्तीच्या मदतीने अशा व्यक्तींची आठवण ठेवली, तर वर्षातून एकदा त्यांची विचारपूस करणे कठीण नाही. कार्यालयप्रमुखांनी वार्षिक तपासणीसाठी रजा देण्यात कसूर करू नये. शिक्षकांनी स्थूल विद्यार्थ्यांची थट्टा होणार नाही याची दक्षता घ्यावी आणि खेळाचा तास अन्य विषयांस देऊ नये. पुढील पिढीतील शस्त्रक्रियांची गरज तेथेच कमी होणार आहे.

लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया हा चमत्कार नव्हे आणि ती आळशी माणसाची पळवाटही नव्हे. योग्य रुग्णास ती निरोगी वर्षे मिळवून देते, हे दीर्घकाळच्या अभ्यासांनी सिद्ध केले आहे. मात्र ती वर्षे टिकवून धरण्याचे काम शस्त्रक्रियागृहात संपत नाही. ते रुग्णाच्या स्वयंपाकघरात, गावच्या आरोग्य केंद्रात आणि दरवर्षी न चुकता होणाऱ्या तपासणीत पुढे चालू राहते.